मक्ता देणारा कोण?

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मेहकरपासून फार दूर नसलेल्या लोणार येथे, दख्खनच्या काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जे वर्तुळाकार विवर पडलेले आहे, ते आकाशातून आलेल्या एका अशनीच्या आघाताने निर्माण झाले, ही गोष्ट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्या विवराच्या इतिहासातील एक प्रकरण सहसा कोणी उघडून पाहत नाही, आणि ते म्हणजे तेथील क्षाराच्या महसुलाचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मोगलांच्या अमलाखाली आल्यानंतर अबुल फझलाने ‘ऐन-ए-अकबरी’त या सुभ्याचे जे वर्णन दिले, त्यात लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात व तेथील क्षारापासून सरकारास चांगले उत्पन्न होते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. मोगलाई गेली, निजामाचा अंमल आला, १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले गेले. तरी उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर आणि तळाशी साचणारा तो सोड्याचा क्षार सरकारी उत्पन्नाची बाब म्हणूनच राहिला, आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा त्याच्या निरनिराळ्या प्रती वेगळ्या काढून तो मक्त्याने उचलला जात राहिला.

या व्यवहारातील एक बारीक गोष्ट आजच्या जगाला मोठी उपयोगाची आहे. मक्तेदार हा तळ्याचा मालक नव्हता. तळे सरकारचे, काठावरची देवळे देवस्थानांची, पाणी कोणाच्याही मालकीचे नाही. मक्तेदाराला मिळत होता तो केवळ ठरलेल्या मुदतीत, ठरलेली रक्कम भरून, ठरलेला माल उचलण्याचा अधिकार. स्थळाचे स्वामित्व एकाकडे आणि उत्पन्न घेण्याचा हक्क दुसऱ्याकडे, ही विभागणी आपल्या मुलखी कारभाराला शेकडो वर्षे परिचयाची होती, आणि चंद्रावरील बर्फ किंवा लघुग्रहावरील धातू काढू पाहणारी राष्ट्रे व कंपन्या आज नेमकी हीच विभागणी पुढे करीत आहेत. चंद्र आमचा नाही, असे त्या म्हणतात. परंतु आम्ही खणून काढलेला माल मात्र आमचा. हे म्हणणे सकृद्दर्शनी विचित्र नाही. विचित्र आहे ते इतकेच की लोणारच्या मक्त्याच्या कागदावर मक्ता देणाराचे नाव होते आणि चंद्राच्या मक्त्यावर ती जागा रिकामी आहे. ती जागा रिकामी ठेवून जो मक्ता चालेल तो हक्क नव्हे, आणि भारताने आपले वजन ती जागा भरण्याच्या बाजूने टाकले पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची चंद्राकडे चाललेली शर्यत ऐन भरात असताना, १९६७ च्या जानेवारीत बाह्य अवकाशाचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो अमलात आला. शंभराहून अधिक राष्ट्रे आज त्याने बांधलेली आहेत. भारताने १९६७ सालीच त्यावर सही केली आणि १९८२ साली त्यास अनुसमर्थन दिले. या कराराचे पहिले कलम सांगते की अवकाशाचे संशोधन व उपयोग सर्व राष्ट्रांना, त्यांच्या आर्थिक किंवा वैज्ञानिक प्रगतीचा भेद न करता, मोकळा आहे. दुसरे कलम सांगते की चंद्र आणि इतर खगोलीय पिंड यांसह बाह्य अवकाश हे सार्वभौमत्वाच्या दाव्याने, उपयोगाने, वहिवाटीने अथवा अन्य कोणत्याही मार्गाने कोणत्याही राष्ट्राला आत्मसात करता येणार नाही. आणि सहावे कलम सांगते की खासगी संस्थेने अवकाशात काहीही केले तरी त्याची जबाबदारी तिच्या राष्ट्रावर राहील, आणि त्या राष्ट्राने तिला परवानगी देऊन तिच्यावर सतत देखरेख ठेवली पाहिजे. इतके सारे सांगणारा हा करार एका प्रश्नावर मात्र मौन पाळतो: जमीन कोणाची होऊ शकत नाही हे मान्य, पण त्या जमिनीतून उचललेला दगड कोणाचा?

हे मौन किती विलक्षण आहे हे आपल्याच विदर्भातील एका घटनेवरून ध्यानात येईल. २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या शिवारात आकाशातून एक भलीमोठी धातूची कडी येऊन पडली. ती चीनच्या अग्निबाणाचा अवशेष असावी, असा तज्ज्ञांचा कयास होता. अशा वस्तूच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. माणसाने पाठवलेली वस्तू अवकाशात असो वा परत पृथ्वीवर पडो, तिची मालकी पाठवणाराकडेच राहते; तो मागेल तर ती परत करावी लागते, आणि तिच्यामुळे कोणाचे घर पडले वा माणूस दगावला तर १९७२ च्या करारानुसार भरपाईही त्याच राष्ट्राने द्यावयाची असते. म्हणजे निकामी झालेल्या अग्निबाणाच्या कडीचा मालक कोण, याची तजवीज जगाने पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवली. पण चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील बर्फाचा धनी कोण, याची तजवीज अद्याप झालेली नाही.

जी जागा आंतरराष्ट्रीय कायद्याने मोकळी सोडली ती राष्ट्रीय कायद्यांनी भरून काढण्यास दहा वर्षांपूर्वी आरंभ झाला. २०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना अवकाशातून मिळवलेली द्रव्ये बाळगण्याचा, वाहून नेण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा अधिकार दिला, आणि त्याच कायद्यात आपण कोणत्याही पिंडावर सार्वभौमत्व सांगत नाही असेही लिहून ठेवले. २०१७ साली लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाने तसाच कायदा केला, २०१९ साली संयुक्त अरब अमिरातीने आणि २०२१ साली जपानने. मग २०२० च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आठ राष्ट्रांचा आर्टेमिस करारनामा पुढे आणला, ज्याचे दहावे कलम म्हणते की अवकाशातील द्रव्ये काढणे म्हणजे मूलतः राष्ट्राने तो पिंड आत्मसात करणे नव्हे. २१ जून २०२३ रोजी वॉशिंग्टन येथे भारताने या करारनाम्यावर सही केली. आज त्यावर पन्नासाहून अधिक राष्ट्रांच्या सह्या आहेत. रशिया आणि चीन मात्र त्याबाहेर आहेत.

खणून काढलेला माल काढणाराचा, असे म्हणणाऱ्या पक्षाचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. भर समुद्र कोणाच्याही मालकीचा नसतो, तरी त्यात जाळे टाकून पकडलेली मासळी कोळ्याचीच होते आणि तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. मग चंद्राच्या बाबतीत निराळा न्याय का? शिवाय अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ ते १९७२ या काळात आणलेली ३८२ किलो दगड-माती अमेरिकेने आपली म्हणून ठेवली आणि सोव्हिएत संघाने आपल्या यंत्रयानांनी आणलेली माती आपली म्हणून ठेवली, तेव्हा कोणत्याही राष्ट्राने हरकत घेतली नाही. आक्षेपावाचून इतका काळ चाललेली वहिवाट हाच कायद्याचा आधार होय, असे हा पक्ष म्हणतो.

माझ्या मते या दोन्ही दाखल्यांत एकेक उणीव आहे. मासळी पुन्हा पैदा होते. आणि ती पैदा होण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने पकडली जाऊ लागली तेव्हा समुद्रातील मासेमारीवरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आलेच. चंद्राच्या ध्रुवांजवळील ज्या विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही, तेथे साठलेला बर्फ हा कोट्यवधी वर्षांचा संचय आहे. एकदा काढला की मानवाच्या इतिहासात तो पुन्हा भरून येणार नाही. आणि अशा उपयुक्त जागा थोड्या आहेत. बर्फ असलेल्या अंधाऱ्या विवराच्या कडेलाच, वर्षाचा बहुतेक काळ सूर्यप्रकाश मिळणारे एखादे उंच टोक असावे, म्हणजे खाली उत्खनन आणि वर वीजनिर्मिती साधेल, अशी स्थळे सबंध चंद्रावर मोजकीच असल्यामुळे, जो प्रथम पोचेल तो उत्तम स्थळ घेईल आणि जो मागाहून येईल त्याच्या वाट्यास कराराचे पहिले कलम तेवढे उरेल. दुसरा दाखला शास्त्रीय नमुन्यांचा. अभ्यासासाठी मूठभर माती आणणे आणि व्यापारासाठी खाण चालवणे यांत केवळ परिमाणाचा भेद नाही, हेतूचा भेद आहे. अपोलोच्या दगडांचे तुकडे अमेरिकेने भारतीय शास्त्रज्ञांसह जगभरच्या संशोधकांना अभ्यासासाठी दिले, तसे व्यापारी कंपनी आपला माल वाटणार नाही.

आर्टेमिस करारनाम्यातील आणखी एका तरतुदीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. एका राष्ट्राच्या कामात दुसऱ्याने अडथळा आणू नये म्हणून कामाच्या जागेभोवती सुरक्षा-क्षेत्र जाहीर करावे, त्याची सूचना इतरांना द्यावी आणि इतरांनी त्या क्षेत्रात येण्यापूर्वी विचारविनिमय करावा, अशी ही तरतूद आहे. चंद्रावर यान उतरताना उडणारी धूळ बंदुकीच्या गोळीसारखी दूरवर जाऊन दुसऱ्याच्या यंत्रांची नासधूस करू शकते, हे खरे आहे, आणि म्हणून अशी काही व्यवस्था लागणारच. ही क्षेत्रे तात्पुरती असावीत, असेही त्या कागदात म्हटले आहे. परंतु ज्या खाणीचे काम तीस वर्षे चालेल तिचे सुरक्षा-क्षेत्रही तीस वर्षे राहील. आणि हद्द आखलेली, दुसऱ्याला मज्जाव असलेली, पिढीभर एकाच्याच कब्जात असलेली जागा मालकीहून कोणत्या बाबतीत वेगळी, याचे उत्तर महसुली दाव्यांत आयुष्य घालवलेल्या कोणत्याही वकिलाला विचारावे. १९६७ च्या कराराने वहिवाटीचा मार्ग नावानिशी बंद केला होता, तो सुरक्षेच्या दाराने पुन्हा उघडतो आहे.

यास पर्याय नव्हता असे नाही. १९७९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने चंद्र करार संमत केला, ज्याच्या अकराव्या कलमाने चंद्र आणि त्यावरील नैसर्गिक द्रव्ये ही मानवजातीचा सामायिक वारसा ठरवली आणि उत्खनन शक्य होण्याची वेळ येईल तेव्हा त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था स्थापन करण्याचे बंधन सभासद राष्ट्रांवर घातले. लाभाचे न्याय्य वाटप व्हावे, विकसनशील राष्ट्रांच्या गरजांचा त्यात खास विचार व्हावा, आणि ज्यांनी या कामी प्रत्यक्ष परिश्रम घेतले त्यांचाही व्हावा, असा समतोल त्यात होता. १९८२ च्या जानेवारीत भारताने या करारावर सही केली. अनुसमर्थन मात्र आजतागायत दिलेले नाही. अमेरिका, रशिया, चीन यांपैकी कोणीही तो मानला नाही. मानणाऱ्यांची संख्या वीसही भरत नाही, आणि सौदी अरेबिया तर त्यात येऊन बाहेरही पडला. म्हणजे भारताची एक सही सामायिक वारशाच्या कागदावर आहे आणि दुसरी, एकेचाळीस वर्षांनंतरची, ज्याने काढले त्याचे म्हणणाऱ्या कागदावर आहे. या दोन सह्यांचा मेळ कसा घालावयाचा, यावर आपल्या संसदेत सविस्तर चर्चा व्हावयास हवी होती.

सामायिक वारशाची कल्पना व्यवहारात चालत नाही, असे म्हणणारांना गोव्याकडे बोट दाखवावे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ च्या जानेवारीत ‘गवेषणी’ या जहाजावरून समुद्रतळाचे बहुधातुक गोटे वर काढले; त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट हे धातू असतात. खोल समुद्राचा तळही कोणत्याच राष्ट्राचा नाही. तेथे १९८२ च्या सागरी कायद्याने सामायिक वारशाचे तत्त्व घातले, आणि १९८७ साली आद्य गुंतवणूकदार म्हणून नोंद झालेले पहिले राष्ट्र भारत ठरले. त्या व्यवस्थेतील अट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे: अर्ज करणाराने सारख्या मोलाची दोन क्षेत्रे शोधून द्यावयाची, त्यांपैकी एक त्याला मिळावयाचे आणि दुसरे सर्व मानवजातीसाठी राखीव राहावयाचे. भारताने ती अट पाळली. पुढे जमैकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण स्थापन झाल्यावर त्याच्याशी करार केला, आणि मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र भारताकडे आले. येथे मक्त्याच्या कागदावर देणाराचे नाव आहे. अमेरिका या व्यवस्थेच्या बाहेर राहिली, आणि २०२५ च्या एप्रिलात तिच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतंत्र हुकूम काढून समुद्रतळाच्या खनिजांचा मार्ग आपल्यापुरता मोकळा करण्याचा पवित्रा घेतला, हे चंद्राविषयीच्या तिच्या भूमिकेशी सुसंगतच आहे. परंतु दुबळ्याला उपयोगी पडणारी व्यवस्था बलवानाला आवडत नाही, हे ती व्यवस्था मोडण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता व्यवहाराचा विचार, आणि येथे उत्साही मंडळींना थोडे थांबवले पाहिजे. आकाशातून आलेले द्रव्य खणून काढून श्रीमंत होण्याचा पहिला गंभीर प्रयत्न अवकाशात नव्हे, पृथ्वीवरच झाला. अॅरिझोनाच्या वाळवंटात लोणारसारखेच, व्यासाने काहीसे लहान असे एक विवर आहे. तेथे विखुरलेले लोखंड-निकेलचे तुकडे पाहून, खाणधंद्यात नाव मिळवलेले डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ साली ‘स्टँडर्ड आयर्न कंपनी’ काढली, जमिनीचे हक्क रीतसर मिळवले, आणि विवराच्या तळाखाली सुमारे दहा कोटी टनांचा धातूचा गोळा पुरलेला असला पाहिजे अशा दृढ श्रद्धेने सव्वीस वर्षे छिद्रे पाडली. हे विवर आघातानेच झाले, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि ते मोठमोठ्या भूशास्त्रज्ञांच्या विरोधात जाऊन त्यांनी धरून ठेवले, याचे श्रेय त्यांना निर्विवाद आहे. परंतु १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ एफ. आर. मोल्टन यांनी गणित करून दाखवले की तो पिंड फार तर तीन लाख टनांचा असेल आणि आघाताच्या प्रचंड उष्णतेत त्याचा बहुतांश वाफ होऊन उडून गेला असेल. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर बॅरिंजर हृदयविकाराने निवर्तले. कंपनीचा पैसा आधीच संपला होता.

लोणारला हेच घडले आहे. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधल्यापासून ते ज्वालामुखीचे असावे असा समज दीर्घकाळ रूढ होता. तळातील खडकाचे नमुने छिद्रे पाडून काढल्यावर, आघाताच्या दाबाने स्फटिकांची काच झाल्याचा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि वाद संपला. पण त्या नमुन्यांत अशनीचा धोंडा सापडला नाही. त्याच्या अस्तित्वाच्या सूक्ष्म रासायनिक खुणा तेवढ्या काचमण्यांत उरल्या आहेत. आकाशाने लोणारला दिले ते विवर; अकबराच्या खजिन्यात भर घालणारा क्षार मात्र हजारो वर्षे पाणी साठून आणि आटून याच भूमीने तयार केला. या फरकाचे भान ठेवले तर लघुग्रहांवरील अब्जावधींच्या संपत्तीच्या वार्ता वाचताना माणूस हुरळणार नाही.

त्या वार्तांतील हिशेब असा असतो: अमुक लघुग्रहावर इतके टन निकेल, इतके टन प्लॅटिनम, त्यास आजच्या भावाने गुणावे. पण इतका माल बाजारात आला तर आजचा भाव राहील काय, एवढा प्राथमिक विचारही त्यात नसतो. आणि आणण्याचा खर्च? जपानच्या ‘हायाबुसा-२’ यानाने २०२० साली र्‍युगू या लघुग्रहावरून सुमारे ५.४ ग्रॅम द्रव्य आणले. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने सात वर्षांच्या प्रवासानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये बेनू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम आणले, आणि त्या मोहिमेचा खर्च एक अब्ज डॉलरांहून अधिक होता. म्हणजे ग्रॅमला ऐंशी लाख डॉलरांपेक्षा जास्त, तर प्लॅटिनम ग्रॅमला काही डझन डॉलरांत मिळते. ती मोहीम ज्ञानासाठी होती, आणि ज्ञान म्हणून तिचे मोल या हिशेबात बसत नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु व्यापारी म्हणून जो जाईल त्याला हाच हिशेब लागू होईल. लघुग्रहांवरील खाणींसाठी मोठ्या गाजावाजाने स्थापन झालेली ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ ही अमेरिकी कंपनी २०१८ साली पैशाअभावी दुसऱ्याच धंद्यातील कंपनीच्या हाती गेली, आणि ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ हीही पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली.

चंद्रावरील पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण ते पृथ्वीवर आणावयाचेच नाही. पाण्याचे विघटन केले की हायड्रोजन आणि प्राणवायू मिळतो; तेच अग्निबाणाचे इंधन आणि तोच माणसाचा श्वास. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून प्रत्येक किलो वर नेण्यास जो खर्च पडतो तो तेथल्या तेथे पाणी मिळाल्याने वाचतो, आणि म्हणून अवकाशातील खाणकामाचे काही अर्थशास्त्र असलेच तर ते येथे आहे. चंद्रावर पाण्याचे अंश आहेत हे २००८ साली गेलेल्या आपल्या ‘चांद्रयान-१’च्या निरीक्षणांनी जगाला पटवले, आणि २००९ साली अमेरिकेने कॅबियस विवरात मुद्दाम आदळवलेल्या यानाने उडालेल्या द्रव्यात वजनाने पाच-सहा टक्के पाणी असल्याचे दाखवले. पण तेथील तापमान शून्याखाली दोनशे अंशांहूनही उतरते. तेथे ऊन नाही, म्हणून सौर वीज नाही. चंद्राची धूळ वारा-पाण्याने न झिजलेली, काचेच्या कणांसारखी धारदार, ती सांधे आणि गाळण्या खाऊन टाकते. खणणे हे साधे वाटणारे कामही पृथ्वीबाहेर फसते: मंगळावर ‘इन्साइट’ यानाचे जमिनीत शिरावयाचे यंत्र जवळजवळ दोन वर्षे धडपडूनही ठरलेल्या खोलीपर्यंत गेले नाही, आणि २०२५ च्या मार्चमध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ छिद्र पाडण्याचे यंत्र घेऊन गेलेले एक खासगी अमेरिकी यान उतरतानाच कलंडले. धंदा म्हणून हे काम उभे राहण्यास अजून पुष्कळ अवधी आहे, असाच या साऱ्याचा अर्थ.

आणि म्हणूनच कायदा करण्याची वेळ हीच आहे. ज्या खाणीतून एकही टोपली निघालेली नाही तिच्याविषयी नियम करताना कोणाच्याही मिळकतीला हात लागत नाही. एकदा भांडवल गुंतले की प्रत्येक नियम कोणाच्या तरी नुकसानीचा होतो. भारताची स्थिती या बाबतीत काळजी वाटावी अशी आहे. २०२३ च्या एप्रिलात जाहीर झालेल्या आपल्या अवकाश धोरणाने खासगी संस्थांना अवकाशातील द्रव्ये काढण्याची, बाळगण्याची, वाहून नेण्याची, वापरण्याची आणि विकण्याची मोकळीक दिली असून, तिचे शब्द २०१५ च्या अमेरिकी कायद्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. अमेरिकेत मात्र तो विधिमंडळाने केलेला कायदा आहे आणि येथे ते मंत्रिमंडळाने स्वीकारलेले धोरण आहे. अवकाश-व्यवहारांविषयीच्या विधेयकाचा मसुदा २०१७ साली लोकांपुढे ठेवला गेला होता, तो कायदा झाला नाही. खासगी संस्थांना परवानगी देणारी ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापन झाली, पण तिच्या अधिकारांना कायद्याचे अधिष्ठान नाही. १९६७ च्या कराराने आपल्यावर टाकलेली सततच्या देखरेखीची जबाबदारी केवळ धोरणाच्या बळावर पार पाडता येईल, असे मानणे धाडसाचे आहे.

देखरेख म्हणजे काय आणि ती किती अवघड, हे बुलढाणा जिल्ह्याला शिकवण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेने खनिजांवरील शासनाचा हक्क निःसंदिग्धपणे सांगितलेला आहे. रेतीघाटांचे लिलाव होतात, स्वामित्वधन भरले जाते, तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार अशी सारी यंत्रणा जागच्या जागी आहे. आणि तरीही खडकपूर्णेच्या आणि पूर्णेच्या पात्रांतून रात्रीच्या वेळी टिप्पर भरून रेती जाते, पंचनामे होतात, दंड होतात, आणि पुन्हा टिप्पर जातात. मालक आहे, कायदा आहे, अंमलदार आहे, तेथे ही स्थिती. जेथे मालक नाही, कायदा मुका आहे आणि अंमलदार पावणेचार लाख किलोमीटर दूर आहे, तेथे निव्वळ सद्‌भावनेवर भिस्त ठेवणारांनी एकदा या नद्यांच्या काठी येऊन पाहावे.

मक्ता देणाराला आणखी एक अधिकार असतो, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत मोठा: मक्ता न देण्याचा. लोणारचे तळे आज अभयारण्य आहे, २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर स्थळ आहे. अकबराच्या काळापासून उत्पन्न देणारा तो क्षार आज तळ्यातच राहतो, कारण या विवराचे शास्त्रीय आणि सांस्कृतिक मोल त्याच्या सोड्याच्या किमतीहून अधिक आहे असे ठरवणारी सत्ता अस्तित्वात आहे आणि तिला जाब विचारणारी न्यायालयेही आहेत. काळ्या अग्निजन्य कातळावरील आघाताची विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ असल्याने चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांना लोणार हे अमोल आहे. उद्या सोड्याचा भाव कितीही चढला तरी ते खणून काढू नये, हे आपण ठरवू शकतो. चंद्राच्या अंधाऱ्या विवरांतील थर म्हणजे सूर्यमालेत पाणी कोठून आले याची दप्तरे आहेत. त्यांपैकी काही तरी कोणीही कधीही खणू नयेत, असे म्हणण्याचा अधिकार आज जगात कोणाकडेही नाही.

भारतासारख्या उशिरा श्रीमंत होऊ पाहणाऱ्या देशाने अशी बंधने स्वतःहून का मागावीत, आपणही आता चंद्रावर पोचलो आहोत तर आपला वाटा का उचलू नये, असा प्रश्न सरळ देशभक्तीने विचारला जातो, आणि तो विचारणारांचा मला आदर आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले तेव्हा झालेला आनंद माझाही होता. परंतु पहिल्याला सर्व काही या नियमाखाली आपण पहिले असणार नाही. आपल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक खर्च करणारी दोन राष्ट्रे त्याच ध्रुवाकडे निघाली आहेत. नियमबद्ध वाटपात, राखीव क्षेत्रांच्या व्यवस्थेत, आपला वाटा निश्चित आहे, हे समुद्रतळाने दाखवले आहे. मोकाट शर्यतीत तो नाही. स्वार्थाच्याच दृष्टीने पाहिले तरी भारताचे हित मक्त्याच्या कागदावर देणाराचे नाव असण्यात आहे.

तेव्हा संसदेने अवकाश-व्यवहारांचा कायदा करावा आणि त्यात परवानगीची अट, नोंदवही, विम्याची आणि नुकसानभरपाईची तरतूद यांबरोबर दोन गोष्टी निःसंदिग्धपणे लिहाव्यात. काढलेल्या द्रव्यावर परवानाधारकाचा ताबा मान्य करावा, पण स्थळावर कोणताही हक्क, सुरक्षा-क्षेत्राच्या नावाखालीही, निर्माण होणार नाही असे सांगावे. आणि अशा उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, आंतरराष्ट्रीय व्यवस्था स्थापन होताच तिच्याकडे वर्ग करण्यासाठी, निराळ्या खात्यात ठेवावा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाह्य अवकाश समितीत या विषयावर कार्यगट बसलेला आहे. तेथे समुद्रतळाच्या धर्तीवर राखीव क्षेत्रांचा आणि न खणावयाच्या क्षेत्रांचा प्रस्ताव भारताने मांडावा. १९८२ च्या सहीचा निकालही उघडपणे लावावा: चंद्र कराराला अनुसमर्थन द्यावयाचे की सही मागे घ्यावयाची, हे सभागृहात कारणे देऊन ठरवावे. चंद्राची माती घेऊन येणाऱ्या ‘चांद्रयान-४’ला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, आणि जपानच्या सहकार्याने ध्रुवावरील पाण्याचा शोध घेणारी मोहीम तिच्या पाठोपाठ मंजूर झाली आहे. चंद्राची ती माती या देशात उतरण्यापूर्वी हा कायदा राजपत्रात प्रसिद्ध झालेला असावा.